हातोडीच्या डाव्या खुणा

हॅनोव्हरमधल्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचं काम करतो. दुसऱ्यांनी बनवून पाठवलेले सुटे भाग मोजायचे आणि सोबतच्या कागदावर लिहिलेलं माप खरं धरायचं नाही, याचा मला पगार मिळतो. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणूस घरी आल्यावर वेगळा कसा होणार? दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा मी दोनदा वाचतो.

म्हणूनच, गेल्या वर्षी जूनमध्ये सासरे आमच्याकडे राहायला आले तेव्हा बायकोने एक काम माझ्या गळ्यात घातलं.

"तू बघत राहा," ती म्हणाली. "माझ्यासमोर ते ताठ राहणार. तुझ्यासमोर थोडे सैल होतील. काही वेगळं दिसलं तर आधी मला सांगायचं."

सासूबाई गेल्यापासून सासरे नाशिकला तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटे राहत होते. पाटबंधारे खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. धरणांचे नकाशे काढण्यात जन्म गेला, अक्षर छापल्यासारखं. बायकोच्या जिवाला मात्र घोर. तिने पुण्यात ज्येष्ठांच्या एका निवासात खोली बघून ठेवली होती. खोली चांगली होती. खिडकीतून बाग दिसायची, बाथरूममध्ये धरायला दांडे होते. सासऱ्यांनी फोटो बघितले आणि फोन उलटा ठेवला.

"जोवर माझं मी करतो, तोवर माझं घर," ते म्हणाले.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर करून दाखवा."

त्यावर दोघांचं ठरलं. व्हिसा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत होता. मुंबईला विमान उतरल्यावर गाडी नाशिककडे वळणार की पुण्याकडे, हे या तीन महिन्यांत ठरायचं होतं, आणि तपासणीस मी.

आता डब्यांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशी घडलं.

काही वर्षांपूर्वी मी इथल्या प्रौढांच्या शाळेत शनिवार-रविवारचा एक वर्ग केला होता. शेकर नावाचा अमेरिकेतला एक जुना धर्मपंथ. ती माणसं लग्न करत नसत, सगळी मिळून राहत, आणि जे बनवायचं ते कामापुरतं, नक्षीशिवाय. त्यांचे लाकडी लंबगोल डबे प्रसिद्ध आहेत. एकात एक बसणारे, लहानापासून मोठ्यापर्यंत. इथेही डोंगराळ भागात पूर्वी असे पातळ लाकडाचे डबे करत असत, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, पण त्यांचा जीव शेकरांच्या डब्यांवर. माझाही बसला. या कामात बढाई चालत नाही. झाकण बसतं किंवा बसत नाही.

चेरीच्या लाकडाची दीड मिलिमीटरची पट्टी घ्यायची. तिच्या एका टोकाला निमुळत्या जिभा कापायच्या. गरम पाण्यात वीसेक मिनिटं बुडवून ठेवायची आणि बाहेर काढल्या काढल्या लंबगोल ठोकळ्याभोवती गुंडाळायची. उशीर केला तर ती ताठरते आणि तडकते. मग पट्टी ठोकळ्यावरून काढून एका लोखंडी पाइपवर चढवायची आणि जिभांतून तांब्याचे बारीक खिळे ठोकायचे. खिळ्याचं टोक आतल्या पाइपवर आपटून मुडपतं आणि पट्टी घट्ट धरली जाते. खिळे तांब्याचे, कारण लोखंड गंजतं आणि लाकडावर काळा डाग धरतो. शेवटी दोन्ही तोंडांत आकार राखणाऱ्या फळ्या बसवून पट्टी दोन दिवस सुकू द्यायची. तळ आणि झाकणाची फळी त्यानंतर.

हे सगळं मी आमच्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, करतो. प्रत्येक बिऱ्हाडाला तिथे लाकडी पट्ट्यांचा एक कप्पा असतो, आरपार दिसणारा, कुलूप लावायचा. लोक त्यात सायकली आणि सुटकेसा ठेवतात. माझ्या कप्प्यातून गरम पाण्याचा पाइप जातो. त्याच्याखालच्या फळीवर पट्ट्या छान सुकतात.

जुलैत माझ्या लक्षात आलं, की पट्ट्या कमी होताहेत.

वाकवून, खिळे न ठोकता, नुसती चाप लावून ठेवलेली एक पट्टी दिसेना. मला वाटलं, मीच कुठे ठेवली. मग दुसरी. मग कोपऱ्यातल्या टाकाऊ लाकडाच्या पेटीत, खाली, चुरगाळलेल्या वर्तमानपत्राखाली, मला दोन्ही सापडल्या. कोणीतरी त्यांत खिळे ठोकले होते. वाईट ठोकले होते. एक वाकडा, एक अर्धा आत, एका जिभेच्या तर दोन फाका झाल्या होत्या.

माझा पहिला संशय तळमजल्यावरच्या आजोबांवर गेला. तो जायलाच हवा होता. मागच्या वर्षी पाण्याचा पाइप फुटला तेव्हापासून सगळ्या कप्प्यांच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडे असतात. शिवाय माणूस कसा, तर कचऱ्याच्या डब्यात कोणी चुकीची पिशवी टाकली तर ती उघडून आतल्या पाकिटांवरून पत्ता शोधणारा. माझ्या डब्यांविषयी त्यांचं मत त्यांनी एकदा जिन्यात सांगितलं होतं: केलर साठवायला असतो, कारखाना काढायला नाही.

त्या आठवड्यात ते मला दारातच भेटले.

"हेर नाखबार," ते म्हणाले. शेजारी, या अर्थाने. ते नेहमी असंच म्हणतात, कारण माझं नाव त्यांच्या तोंडात बसत नाही. "मंगळवारी दुपारी ठोकाठोक. एक ते तीन ही विश्रांतीची वेळ आहे."

"मंगळवारी मी ऑफिसात होतो."

"ठोकाठोक होती," ते म्हणाले. "टक टक, मग काही नाही, मग टक. वाईट ठोकाठोक."

मी वर आलो आणि बायकोला म्हणालो, "अगं, हा माणूस स्वतःच ठोकतो आणि वर माझी तक्रार करतो."

"तो कशाला ठोकेल तुझे डबे? ऐंशीचा आहे तो."

"म्हणूनच वाईट ठोकतो."

सासरे सोफ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं. 

त्या रात्री जेवणाआधी मी पट्ट्या वर आणून खिडकीपाशी भिंगाखाली बघितल्या. हातोडीचा नेम चुकला की मऊ लाकडावर तिच्या कडेची खूण उमटते, नखासारखी, अर्धचंद्र. माझ्याही पट्ट्यांवर सुरुवातीला अशा खुणा असायच्या. पण माझ्या खुणा सगळ्या एकाच बाजूला. पट्टी मी जिभा माझ्याकडे करून पाइपवर चढवतो, हातोडी उजवीकडून येते, म्हणून अर्धचंद्र खिळ्याच्या उजव्या अंगाला. या पट्ट्यांवर ते डाव्या अंगाला होते. एखाद-दुसरा नव्हे, जवळजवळ सगळे.

म्हणजे ठोकणारा डावखुरा.

मला बरं वाटलं, खरं सांगतो. संशयाला माप सापडलं की मला शांत झोप लागते. दुसऱ्या दिवशी मी आजोबांकडे माझं एक पार्सल आणायला गेलो. पोस्टवाला ते त्यांच्याकडे ठेवून गेला होता. "तुमच्याकडे पेन आहे का? आणि पोचपावती म्हणून इथे सही कराल का, दिलं म्हणून?" असली पावती जगात कुठेही लागत नाही. पण जर्मन माणसाला सही मागितली की तो कारण विचारत नाही. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. उजव्या हाताने.

मी पार्सल घेऊन वर आलो. जिना चढताना पहिल्यांदा मनात आलं, की किल्ली आमच्याही घरात आहे. दाराशेजारच्या खुंटीवर.

दुसऱ्या सकाळी ऑफिसला निघताना मी किल्लीचे दात भिंतीकडे करून ती खुंटीवर टांगली. संध्याकाळी आलो तेव्हा दात बाहेरच्या बाजूला होते.

आमच्या घरात त्या वेळी तिघंच. मुलगी ड्रेस्डेनला शिकते, तिच्याच खोलीत सासरे राहत होते. बायको केलरमध्ये जात नाही. तिथल्या कोळ्यांशी तिचं जमत नाही. आणि ती उजव्या हाताची. मीही. सासऱ्यांचा तर उजवा हात म्हणजे खात्यात नावाजलेला हात. बायकोच्या लहानपणीच्या वह्यांवरची नावं त्यांनी घातलेली आहेत, ती अजून आमच्याकडे आहेत. त्या अक्षरांची उंची पट्टीने मोजली तरी फरक सापडणार नाही. मी मोजून बघितली आहे.

म्हणजे घरातला कोणी डावखुरा नव्हता, आणि बाहेरच्या कोणाकडे दात फिरवलेली किल्ली नव्हती. हिशेब जुळत नव्हता. न जुळणारा हिशेब मला सोडवत नाही.

मग मी सासऱ्यांकडे नीट बघायला लागलो. बायकोने जे बघायला सांगितलं होतं ते मी इतके दिवस बघतच नव्हतो, असंही म्हणता येईल. मी त्यांची चाल बघत होतो, विसरणं बघत होतो, गोळ्या वेळेवर घेतात का ते बघत होतो. सगळं ठीक होतं. ते रोज सकाळी तळ्यापर्यंत फिरून यायचे, वाट चुकायचे नाहीत, पहिल्या आठवड्यातच ट्रामचे नंबर त्यांना पाठ झाले होते.

पण दाढी. हा माणूस आयुष्यभर रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून बसायचा. इथे आल्यावर वाढवली. "इथे मला कोण बघतंय?" म्हणाले. बायकोला ती आवडली. ऋषीसारखे दिसता, म्हणाली.

बूट. आम्ही त्यांच्यासाठी नाडीचे चांगले बूट घेतले होते. ते कपाटात नवेच होते. ते बिननाडीचे सपाते घालत. "पाय सुजतात हो, जावईबापू."

आणि काटा. वरण-भात हाताने कालवून खाणारा माणूस जर्मनीत आल्या दिवसापासून काट्याने जेवायला लागला. "इथे आलोय तर इथल्यासारखं." काटा डाव्या हातात, सुरी उजव्या, अगदी इथल्या पद्धतीने. पहिल्या दिवशी आम्ही हसलो, दुसऱ्या दिवशी कौतुक केलं, तिसऱ्या दिवशी सवय झाली. आता मी बघितलं, की सुरी उजव्या हातात असते खरी, पण कापत काहीच नाही. ताटाच्या कडेला टेकून असते. वरण-भातात तिचं काम काय?

मला राग आला. एका माणसाने आपल्यासमोर बसून दोन महिने काहीतरी दाखवायचं आणि आपण बघायचं. माझा पहिला विचार चांगला नव्हता: म्हातारा नाटक करतोय, आणि आम्ही त्याच्यासमोर टाळ्या वाजवतोय. पण कशाचं नाटक, हे मला अजून पुरतं कळलेलं नव्हतं. नुसता संशय बायकोला सांगून चालणार नव्हतं. तिने लगेच पुण्याला फोन केला असता.

ऑगस्टच्या शेवटी गणपती बसले. इथल्या मराठी कुटुंबांपैकी एकाकडे आरतीला गेलो. भाड्याच्या हॉलपेक्षा त्यांची बैठक मोठी आहे आणि शेजारी बहिरे आहेत, असं तेच विनोदाने सांगतात. आरतीत सासरे मागे उभे. टाळ्या वाजवत नव्हते. हात जोडून, उजव्यावर डावा झाकून उभे. मग यजमानीणबाई तीर्थ घेऊन आल्या. सगळे उजवा तळहात पुढे करत होते.

"काका, तीर्थ घ्या."

"घसा बसलाय," सासरे म्हणाले. "थंड नको."

"अहो, पळीभर तर आहे."

"नको, पोरी. डोळ्यांना लाव माझ्या."

त्यांनी वाकून डोळे मिटले. बाईंनी हसत त्यांच्या पापण्यांना ओलं बोट लावलं. माझी बायको स्वयंपाकघरात मोदकांचं बघत होती. तिने हे पाहिलं नाही. मी पाहिलं. घसा बसलेला माणूस नुकताच सगळ्या आरत्या मोठ्याने म्हणून मोकळा झाला होता.

पुढच्या मंगळवारी मी नेहमीसारखा जेवणाचा डबा घेऊन बाहेर पडलो, स्टेशनपर्यंत गेलो, तिथे बाकावर बसून दुपारपर्यंत वेळ काढला आणि परत फिरलो. इमारतीत शिरलो तेव्हा आजोबा त्यांच्या दारात उभे होते, घड्याळ दाखवत. खालून आवाज येत होता. टक टक. मग काही नाही. मग टक.

मी बोट ओठांवर ठेवलं. आजोबांना ते आवडलं असावं. त्यांनी दार हळू लावलं, पण फटीतून बघत राहिले.

कप्प्याच्या लाकडी पट्ट्यांच्या आडून मला सासरे दिसले. स्टुलावर बसले होते. वाकवलेली पट्टी पाइपवर चढवलेली, जिभा त्यांच्याकडे. उजवा हात मनगटापासून पट्टीवर टाकलेला होता, धरलेला नव्हता, नुसता वजनासारखा टाकलेला, जशी कागद उडू नये म्हणून आपण त्यावर वस्तू ठेवतो. त्या हाताची बोटं आत वळलेली. हातोडी डाव्या हातात. दातांत एक खिळा.

त्यांनी तो खिळा डाव्या हाताने जिभेच्या भोकात उभा केला, हातोडी उचलली, मारली. खिळा बसला. दुसरा आडवा झाला. ते पट्टीशी काहीतरी पुटपुटले, शिवीच असावी, आणि तो उपटून पुन्हा उभा केला.

मी दार ढकललं. कुलूप नव्हतं.

ते दचकले नाहीत. तोंडातला खिळा काढून वाटीत टाकला आणि म्हणाले, "या जावईबापू. ऑफिस बुडलं?"

"कधीपासून?"

"कशाचं विचारता? ठोकण्याचं, की याचं?" त्यांनी हनुवटीने उजवा हात दाखवला.

"याचं."

"फेब्रुवारी. सकाळी चहाचा कप उचलायला गेलो, तर उचलेना. तोंड पण थोडं ओढल्यासारखं. दोन दिवसांत तोंड सरळ झालं. हात राहिला तो राहिला."

"डॉक्टर?"

"नाही गेलो."

"बाबा, हा झटका होता."

"मला माहीत आहे काय होता ते. मी अडाणी नाही." मग थोडं थांबून, "डॉक्टरकडे गेलो असतो, तर त्याने घरच्यांना बोलावलं असतं. घरचे म्हणजे तुमची बायको. ती म्हणजे पुण्याची खोली."

मी त्यांच्या हाताखालची पट्टी काढून घेतली. तीन खिळे सरळ बसले होते. अर्धचंद्र एकच, डाव्या अंगाला, पुसटसा. पहिल्या पट्टीपेक्षा खूपच बरं काम होतं ते.

"आणि हे?"

"डाव्याला शिकवतोय. तुमचा हा खिळा केवढासा, बघा. हा जर डाव्याने नीट ठोकता आला, तर गॅसचा लायटर, दाराची कडी, शर्टाचं बटण, सगळं येईल. घरी भिंतीत खिळे ठोकून बघितले असते, तर खालच्या मजल्यावरच्यांनी तुम्हाला फोन केला असता." ते हसले. "तुम्हाला विचारून घेतलं असतं पट्टी. पण तुम्ही मोजता ना सगळं."

मी पट्टी पुन्हा पाइपवर चढवली. आणि जे होतं ते बोललो.

"बाबा, मला तुमच्या हाताची काळजी नाही. डावा हात चालतोय. पण पुढचा झटका येईल तो याच्यापेक्षा मोठा असू शकतो, आणि तुम्ही साधं ब्लडप्रेशर मोजलेलं नाही. मी हे लपवू शकत नाही."

"सांगणार?"

"तुम्ही सांगा. आजच."

"ही पट्टी पुरी करू दे. पट्टी पुरी झाल्यावर."

"आज संध्याकाळी. जेवताना."

ते पट्टीकडे बघत राहिले. वर आजोबांचं दार वाजलं. ऐकून त्यांचं समाधान झालं असावं, एक शब्द कळत नसला तरी.

"बरं," सासरे म्हणाले. "आता आलाच आहात, तर त्या शेवटच्या जिभेला जरा धरा. हा हात घसरतो."

मी पट्टी धरली. त्यांनी ठोकली.

संध्याकाळी बायको घरी आली, कपडे बदलले, कुकर लावला. वरण-भात, लिंबाचं लोणचं, फ्लॉवरची भाजी. सासरे नेहमीच्या जागी बसले. काटा-सुरी ताटाशेजारी होती. मी पाणी ओतत होतो आणि त्यांच्याकडे बघत नव्हतो, कारण बघितलं असतं तर बायकोला कळलं असतं.

तिने वरण वाढलं. त्यांनी काटा उचलला, ताटापासून दूर टेबलावर ठेवला आणि डाव्या हाताने भात कालवायला सुरुवात केली.

"बाबा!" ती म्हणाली. "डाव्या हाताने काय? कोणी बघितलं तर—" आणि थांबली. त्यांनी एक घास खाल्ला. दुसरा कालवला. उजवा हात मांडीवरून उचलून त्यांनी टेबलावर ठेवला, तिला दिसेल असा. बोटं आत वळलेली.

"हा येत नाही," ते म्हणाले. "फेब्रुवारीपासून."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती खुर्चीवरून उठली, त्यांच्या उजवीकडे आली आणि त्यांची बोटं एकेक करून उघडून बघितली. त्यांनी करू दिलं. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"तुला कधी कळलं?"

"आज दुपारी. त्याआधी संशय होता."

"तू ऑफिसला गेला होतास ना आज?"

"स्टेशनपर्यंत."

 तिने कुकरच्या बाजूला ठेवलेलं तूप आणून त्यांच्या भातावर वाढलं आणि म्हणाली, "जेवा आधी. मग बघते तुम्हा दोघांना."

सकाळपर्यंत थांबणं मला पटत नव्हतं. जेवण झाल्यावर लगेच आम्ही त्यांना इस्पितळात नेलं. तिथे ब्लडप्रेशर बघून त्यांना ठेवून घेतलं, डोक्याचं चित्र काढलं. जुना, लहान झटका. नवीन काही नाही. गोळ्या सुरू झाल्या. मीठ, साखर, तूप कमी. तूप म्हटल्यावर सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू ते मीच डॉक्टरला सुचवलं होतं. विमानप्रवासाला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, सोबत कोणी असेल तर.

आता गाडी कुठे वळणार, हा प्रश्न राहिला. मला वाटत होतं, पुणे नक्की. हात गेला, लपवाछपवी झाली, करार मोडला. मी तिच्या जागी असतो तर पुणेच म्हटलं असतं, आणि तसं मी तिला सांगितलंही.

"करार काय होता?" ती म्हणाली. "माझं मी करतो तोवर. ते करताहेत. खोटं बोलले, ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"खोटं बोलून काय केलं त्यांनी? तळघरात बसून डावा हात शिकवला. पुण्याच्या खोलीत कोण शिकवणार होतं?"

ती त्यांच्यासोबत गेली. मुंबईहून गाडी नाशिककडे वळली. तीन आठवडे ती तिथे होती, आणि एकेक गोष्ट करून घेतली: कडी, गॅस, नळ, जिना, शर्टाची बटणं. सकाळी स्वयंपाकाला एक मावशी ठरवल्या. दाढी पुन्हा गुळगुळीत झाली, विजेच्या शेव्हरने. त्यांनी पुरी केलेली ती पट्टी मी डबा करून तिच्यासोबत पाठवली होती, तळ आणि झाकण माझं. झाकण मी मुद्दाम थोडं घट्ट ठेवलं. शेकरांचा डबा एका हाताने उघडत नाही. एकाने अंग धरायचं, दुसऱ्याने झाकण उचलायचं. उजवा हात नुसता धरण्यापुरता तरी चालतोय का, ते मला दर आठवड्याला बघायचं होतं. आठवड्याच्या गोळ्या त्यात भरायच्या आणि रविवारच्या फोनवर उघडून दाखवायच्या, असं ठरलं. बायको याला परेड म्हणते.

वर्षभर परेड नीट चालली. उजवा हात हळूहळू सुधारला. डबा छातीशी धरून तळहाताने दाबण्याइतका.

या ऑगस्टमधल्या एका रविवारी मी म्हणालो, "बाबा, डबा."

"आज राहू दे."

"का?"

"अहो, इथे हवा किती दमट. लाकूड फुगलंय. झाकण घट्ट बसलंय, निघत नाही."

 लाकूड फुगतं ते रेषांच्या आडवं. दमट हवेत आधी झाकणाची फळी फुगते, आणि ती फुगली की भोवतीच्या पट्टीला बाहेर ढकलते. झाकण सैल होतं, घट्ट नाही. हे मी त्यांना मागच्या वर्षी स्वतः समजावलं होतं. ते ड्राफ्ट्समन, विसरणार नाहीत. म्हणजे हात पुन्हा गेला होता. किंवा दुसरं काही.

"तरी उघडा," मी म्हणालो.

"पुढच्या रविवारी."

"आत्ता, बाबा. कॅमेऱ्याकडे तोंड करून."

त्यांनी फोन कशाला तरी टेकवून उभा केला. डबा उचलला. उजव्या तळहाताने छातीशी दाबला. डाव्या हाताने झाकण धरलं.  झाकण आलं, सहज, न अडखळता. म्हणजे हात चालत होता.

मग मी आत बघितलं. गोळ्या नव्हत्या. खव्याचे पेढे होते, एकावर एक, काठापर्यंत.

"गोळ्या कुठायत?"

"त्या प्लास्टिकच्या डब्यात. रोज घेतो, मावशींना विचारा." त्यांनी आवाज खाली आणला. "सांगणार का, जावईबापू?"

माझ्यामागे बायको चहाचे कप घेऊन उभी होती. किती वेळ, ते मला माहीत नाही.

"तुम्ही सांगा, बाबा," मी म्हणालो आणि फोन तिच्याकडे वळवला.